केळुसकर गुरुजींची भेट

परवा आमच्या वस्तीत दहावी पास झालेल्या मुलामुलींचा सत्कार झाला. हार झाले, शाली झाल्या, भाषणे तर तासभर चालली. प्रत्येकाच्या हातात चकाकती ट्रॉफी पडली. पुस्तक मात्र एकाच्याही हातात दिसले नाही. आम्हाला कृष्णराव अर्जुन केळुसकर आठवले.

केळुसकर गुरुजी (१८६०-१९३४) मुंबईच्या विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. पगार मास्तराचा, पण वेड ग्रंथांचे. नोकरी सांभाळून त्यांनी १८९८ साली मराठीत गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले, पुढे शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र लिहिले. शाळा सुटली की ते चर्नी रोडच्या बागेत जात. तिथे एक मुलगा पुस्तकात डोके घालून बसलेला त्यांना दिसे. तो म्हणजे भीमराव. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब, तिथे अभ्यासाला जागा कुठली? (आपल्या कितीतरी मुलांची आजही हीच गत आहे.) गुरुजींनी आपणहून विचारपूस केली. त्या काळी जात कळली की माणसे चार हात लांब सरत. गुरुजी त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले.

भीमराव परीक्षा पास झाले तेव्हा वस्तीने सत्काराची सभा भरवली. गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्यांच्या हातात ठेवले. ते वाचून पोराने घरी वडिलांनाच जाब विचारला, आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बुद्धाचे साहित्य का देत नाही? ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः १९५६ साली, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितली आहे. लहानपणी हाती आलेले एक पुस्तक त्या वयापर्यंत त्यांच्या मनात होते!

गुरुजी पुस्तक देऊन घरी गेले नाहीत, हे आम्हाला त्याहून मोठे वाटते. कॉलेजात पैशाची ओढाताण झाली तेव्हा ते भीमरावांना घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. पुस्तके लिहिणारे पुष्कळ असतात, वाचणाऱ्या पोरासाठी असे दार ठोठावणारे थोडे.

पुढच्या महिन्यात बारावीच्या मुलांचा सत्कार आहे. मंडळाच्या पोरांना आम्ही सांगून ठेवले आहे, ट्रॉफीवाल्याला अजून पैसे देऊ नका.