साखर मोजता, मग डोळ्यात कोण बघणार?

आमच्या नात्यातल्या एका काकांनी मध्यंतरी मला त्यांची फाइल दाखवली. मधुमेहाला १४ वर्षे झालेली. सगळे रिपोर्ट तारीखवार लावलेले: उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल. काका शिक्षक होते, त्यामुळे फाइलला अनुक्रमणिकासुद्धा होती. शेवटचा कागद मात्र वेगळा होता. काळ्या पार्श्वभूमीवर करड्या थरांचे एक चित्र, एखाद्या टेकडीचा उभा छेद घ्यावा तसे, आणि मधोमध दोन-तीन काळे फुगे. वर लिहिले होते ‘ओसीटी’.

‘‘नंबर वाढला असेल म्हणून चष्मा बदलायला गेलो होतो,’’ काका म्हणाले. ‘‘तर म्हणे पडद्याला सूज आहे. आता महिन्या-महिन्याला डोळ्यात इंजेक्शन.’’

या १४ वर्षांत डोळ्याच्या आत कोणी पाहिले होते का, असे मी विचारले. चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर काढून झाला होता. पडदा कोणी पाहिला नव्हता, आणि पाहून घ्या असे कोणी सांगितलेही नव्हते.

ते काळे फुगे म्हणजे दृष्टिपटलात साठलेले पाणी. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होऊन पाझरू लागतात आणि नेमक्या ज्या जागेने आपण वाचतो, चेहरे ओळखतो, त्या मॅक्युलाला सूज येते. जिवंत माणसाच्या डोळ्यात, सुई न टोचता, काही सेकंदांत हे पाणी दाखवणारे यंत्र ही गेल्या काही दशकांतल्या वैद्यकातली फार मोठी गोष्ट आहे. त्याबद्दल आधी सांगतो, तक्रार नंतर.

लोडशेडिंगच्या काळात लहानपणी आपण सगळ्यांनी बॅटरीवर तळहात धरून पाहिला आहे. हात लालभडक उजळतो. रक्तातले हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश शोषून घेते आणि लाल प्रकाश बराचसा पलीकडे येतो, म्हणून तो रंग. पण त्या उजेडात हाडे मात्र दिसत नाहीत. कारण आत शिरलेला प्रकाश सरळ जात नाही. पेशी-पेशीवर आपटून दाही दिशांना विखुरतो. धुक्यात गाडीचे हेडलाइट लावल्यावर जे होते, तेच. प्रकाशाने शरीराच्या आत पाहण्यातली मुख्य अडचण हीच आहे. क्ष-किरण आरपार जातात, ध्वनी खोलवर जाऊन परततो, प्रकाश मात्र मांसात एक-दोन मिलिमीटरनंतर वाट चुकतो.

शरीरात याला एकच मोठा अपवाद, तो म्हणजे डोळा. निसर्गाने तो प्रकाश आत यावा म्हणूनच बनवलेला आहे. हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोप जगापुढे ठेवला, तेव्हापासून डॉक्टर बाहुलीतून आत डोकावत आहेत. पण ते डोकावणे म्हणजे विहिरीच्या काठावरून पाण्याचा पृष्ठभाग बघणे. पाव मिलिमीटर जाडीच्या दृष्टिपटलाच्या आत कुठल्या थरात काय चालले आहे, हे त्यातून कळत नव्हते.

सोनोग्राफीत ध्वनीचा प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून खोली कळते. तेच प्रकाशाने करता येईल का? प्रकाशाचा वेग ध्वनीच्या लाखपटीहून जास्त. पडद्याच्या दोन थरांवरून परतणाऱ्या प्रकाशात जो वेळेचा फरक पडतो, तो मोजू शकेल असे सरळसाधे घड्याळच नाही. त्यावर युक्ती सापडली ती बारावीला शिकवतात त्या व्यतिकरणात. एका किरणाचे दोन भाग करायचे. एक डोळ्यात पाठवायचा, दुसरा आरशाकडे. दोन्ही परतून एकत्र आले की त्यांच्या लहरी एकमेकींशी जुळतात, पण दोघांनी अगदी सारखेच अंतर कापले असेल तरच. म्हणजे आरशाचे अंतर मोजले की डोळ्यातली खोली मोजली गेली. मायकल्सन आणि मोर्ले यांनी १८८७ मध्ये ‘ईथर’ शोधण्यासाठी हीच मांडणी वापरली होती. ईथर सापडला नाही. उपकरण मात्र शंभरेक वर्षांनी डोळ्यांच्या दवाखान्यात आले.

१९९१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटीतले जेम्स फुजिमोटो, तेव्हा विद्यार्थी असलेला डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीला नाव दिले: ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, ओसीटी. या तिघांना २०२३ चा लास्कर पुरस्कार मिळाला. सुरुवातीची यंत्रे सेकंदाला काहीशे रेषा टिपत. २००६ च्या सुमारास आलेल्या पिढीत हा आकडा वीस हजारांच्या वर गेला. आज पाच मायक्रॉनच्या आसपासचा तपशील दिसतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक. पूर्वी दृष्टिपटलाचा अभ्यास असा छेद घेऊन करायचा तर तो माणूस गेल्यानंतर, सूक्ष्मदर्शकाखालीच होई. आता हनुवटी टेकवायची, हिरव्या खुणेकडे बघायचे, झाले.

आता तक्रार. हे चित्र इतके सुंदर आणि इतके स्पष्ट आहे की ते दिसले म्हणजे निदान झाले, आणि निदान झाले म्हणजे उपचार हवाच, असे वाटू लागते. रुग्णांना वाटतेच, पण आम्हा लिहिणाऱ्यांना आणि डॉक्टरांनाही वाटते.

याचे एक उदाहरण मधुमेही डोळ्याचेच आहे. ओसीटीवर मॅक्युलाची सूज दिसते, पण नजर अजून चांगली आहे, अशा ७०२ जणांवर अमेरिकेत चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. काहींना लगेच इंजेक्शन दिले, काहींना लेझर केले, काहींवर नुसते लक्ष ठेवले आणि नजर कमी झाली तरच इंजेक्शन दिले. दोन वर्षांनंतर तिन्ही गटांत नजर गमावणाऱ्यांचे प्रमाण जवळपास सारखेच होते. म्हणजे चित्रात सूज आहे, पण माणसाला नीट दिसते आहे, तर नियमित तपासणी ठेवून थांबण्याची मुभा आहे. ही गोष्ट कितीजणांना समजावून सांगितली जाते?

हृदयाचेही तेच. ओसीटीची केसासारखी तार कॅथेटरमधून हृदयाच्या रक्तवाहिनीत नेता येते. रक्तपेशी प्रकाश विखुरतात, म्हणून क्षणभर रक्त बाजूला सारून आतून चित्र घ्यावे लागते. स्टेंट भिंतीला नीट चिकटला की नाही, हे अगदी स्वच्छ दिसते. २०२३ मध्ये दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एकीत, सुमारे अडीच हजार रुग्णांत, ओसीटी वापरून बसवलेला स्टेंट जास्त चांगला उघडला. पण ज्यासाठी हे सगळे करायचे, त्या पुढच्या दोन वर्षांतल्या त्रासाच्या एकत्रित आकड्यात ठोस फरक दिसला नाही. दुसरी चाचणी रक्तवाहिनीला जिथे फाटा फुटतो अशा गुंतागुंतीच्या जागी झाली. तिथे फायदा झाला, १४.१ टक्क्यांऐवजी १०.१ टक्के. म्हणजे कुणाला, कुठे, हा प्रश्न चित्र कितीही स्वच्छ असले तरी सुटत नाही.

शहरात तर याच्या पुढची गंमत आहे. काचबिंदूच्या तपासणीत ओसीटीचा कागद हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांत येतो. तुमच्या मज्जातंतूंच्या थराची जाडी यंत्रात साठवलेल्या निरोगी डोळ्यांशी ताडून यंत्र हे रंग भरते. ज्यांचा चष्म्याचा उणे नंबर मोठा आहे, त्यांचा डोळा मुळातच लांबट, थर वेगळा. तो त्या साच्यात बसत नाही आणि कागद लाल होतो. काचबिंदू नसतानाही. नेत्रतज्ज्ञांमध्ये याला चक्क ‘लाल रोग’ म्हणतात. कागद हातात पडलेला माणूस रात्रभर झोपत नाही, त्याचे काय?

एकीकडे हे आणि दुसरीकडे काकांची फाइल. ज्याला गरज नाही त्याच्यापुढे यंत्र आहे, आणि ज्याला १४ वर्षे गरज होती त्याच्या डोळ्यात साधी बॅटरीसुद्धा कोणी मारली नाही.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका देशव्यापी पाहणीत, चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी साडेबारा टक्क्यांच्या दृष्टिपटलावर परिणाम झालेला आढळला आणि चार टक्क्यांच्या नजरेलाच धोका होता. शंभरात चार हा आकडा कागदावर लहान वाटतो. कोटींना लावून पाहा.

यातला वाईट भाग असा, की या आजारात सुरुवातीला काहीच कळत नाही. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पेपर वाचता येतो. म्हणून ‘त्रास झाला की जाऊ’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे चुकतो. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे डोळा तपासणे, हा समज तर शिकलेल्या घरांतही पक्का आहे.

यावर उपाय महागडा नाही, आणि तो करून दाखवलेला आहे. इंग्लंडने या शतकाच्या सुरुवातीपासून मधुमेहींना दरवर्षी बोलावून दृष्टिपटलाचा साधा फोटो काढायला सुरुवात केली. ओसीटी नव्हे, साधा रंगीत फोटो, आणि तो वाचणारी शिकवलेली माणसे. २००९-१० ची आकडेवारी आली तेव्हा, किमान पाच दशकांत पहिल्यांदाच, इंग्लंड-वेल्समधल्या कामकरी वयातल्या लोकांच्या अंधत्वाच्या कारणांत मधुमेही डोळा पहिल्या क्रमांकावर नव्हता. साखरेवरचे उपचारही दरम्यान सुधारले होते, हे खरे; तरी त्या अभ्यासाच्या लेखकांनी या तपासणीलाही श्रेय दिले.

आता फोटो वाचायला संगणक आहे, मग अडचण काय, असे कोणी म्हणेल. थायलंडमधल्या सरकारी दवाखान्यांत गूगलची अशी प्रणाली लावली, तेव्हाचा अनुभव २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पाचातला एक फोटो संगणकाने नाकारला. कारण? खोलीत पुरेसा अंधार नव्हता, नर्सबाईंपुढे रांग होती, कुठे इंटरनेट हळू. हा अनुभव वाचताना आपलाच एखादा दवाखाना डोळ्यांपुढे येतो. पण म्हणूनच मला मुंबईतला २०१९ चा एक छोटा अभ्यास जास्त महत्त्वाचा वाटतो. महापालिकेच्या दवाखान्यांत आरोग्य कर्मचाऱ्याने मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो काढले आणि फोनमधल्याच प्रणालीने, इंटरनेटशिवाय, ते वाचले. सुमारे दोनशे रुग्ण. तज्ज्ञाकडे पाठवायलाच हवे असे कोणीही त्यातून सुटले नाही. काहीजण विनाकारण पाठवले गेले. दोनशेंवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, पण दिशा बरोबर आहे: जिथे साखर मोजली जाते, तिथेच कॅमेरा.

माझे नेत्रतज्ज्ञ मित्र यावर म्हणतात की फोटो सपाट असतो, त्यात सूज मोजता येत नाही. बरोबर आहे, आणि ओसीटीची जागा तिथेच आहे. फोटोत शंका आली की दुसऱ्या पायरीवर, तालुक्याहून जिल्ह्याला पाठवलेल्या माणसासाठी. तिथे ते यंत्र खरेच नजर वाचवते: इंजेक्शन हवे की नको, दिलेले लागू पडते की नाही, पुढचे कधी, हे त्यावरून ठरते. पण मग जिल्ह्याच्या ठिकाणी ते यंत्र चालू हवे, लेझर हवे आणि ते वापरणारा तज्ज्ञ हवा. नुसता फोटो काढून ‘मुंबईला दाखवा’ असे लिहून देण्यात अर्थ नाही.

सरकार तिशीनंतरच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब तपासण्याची मोहीम गावपातळीपर्यंत राबवते, ही चांगली गोष्ट. साखर जास्त निघालेल्या माणसाच्या कार्डावर पडद्याच्या फोटोची तारीख लिहायचा एक रकाना हवा, आणि तो रिकामा असेल तर गोळ्या देणाऱ्याने विचारायला हवे. खासगी दवाखान्यांतल्या मधुमेहतज्ज्ञांनाही हेच लागू. एचबीएवनसी विसरत नाही, मग हे का विसरतो?

टाइप टू मधुमेहात, म्हणजे मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात, निदान झाले त्याच वेळी पडदा पाहून घ्यायचा; त्यानंतर साधारण वर्षातून एकदा. कारण निदान होण्याआधीच काही वर्षे साखर वाढलेली असू शकते. लहान वयात होणाऱ्या टाइप वनमध्ये निदानानंतर पाच वर्षांच्या आत सुरुवात करतात. मधुमेही स्त्रीला दिवस राहिले तर लवकर दाखवायचे, त्या काळात पडद्यावरचा आजार वेगाने वाढू शकतो.

काकांचा धाकटा भाऊ मधुमेहाचाच, नऊ वर्षांचा. त्याला परवा घेऊन गेलो. बाहुली मोठी करायला थेंब घालतात, त्यानंतर काही तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सोसत नाही. तो स्कूटर घेऊन निघाला होता. किल्ली काढून घ्यावी लागली. तुम्ही जाल तेव्हा रिक्षाने जा, आणि गॉगल न्या.