असं मूल भेटलं तर

‘मॅरेथॉन’ हा २००५ सालचा कोरियन सिनेमा मिळाला, तर घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहा. गोष्ट खऱ्या माणसावरून घेतलेली आहे. बे ह्योंग-जिन या स्वमग्न तरुणाने २००१ मध्ये चुनचॉनची मॅरेथॉन, म्हणजे बेचाळीस किलोमीटरांहून जास्त अंतर, तीन तासांच्या आत पुरी केली. सिनेमात तो चो-वन झाला. चो स्युंग-वू या नटाने तो असा वठवलाय, की समोर अभिनय चाललाय हे ध्यानातच राहत नाही.

शर्यत तर तुम्ही पाहालच, पण भुयारी रेल्वेच्या स्टेशनवरचा प्रसंग जरा थांबून पाहा. चो-वनला झेब्र्याचं भारी वेड. एका तरुणीच्या कपड्यांवर तसेच काळेपांढरे पट्टे दिसतात आणि त्याचा हात तिकडे जातो. तिच्या सोबतचा माणूस त्याला मारू लागतो. आई धावत येते. इतकी वर्षं ती लोकांना जे सांगत आली, तेच चो-वन ओरडून सांगतो : आमच्या मुलाला अपंगत्व आहे! पोटात कालवतं ते पाहताना.

आपल्याकडेही एसटीत, लग्नाच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या लिफ्टमध्ये असं मूल भेटतं. कान झाकून किंचाळतं, कुणाच्या ओढणीला हात लावतं, एकच वाक्य घोकत राहतं. तेव्हा ‘वळणच लावलं नाही’ असं म्हणू नका. घोळका करू नका, मोबाइल तर काढूच नका. ‘ताई, काही मदत करू का?’ एवढंच विचारा. नको म्हणाल्या तर वाट मोकळी करा. आणि नातेवाइकांनो, ‘याच्यात काही खास कला आहे का?’ हे विचारणं सोडा. बहुतेक मुलं मॅरेथॉन धावणार नाहीत, म्हणून काय त्यांची माया कमी करायची?

मुलगा आपल्या एक दिवस आधी जावा, अशी सिनेमातल्या आईची इच्छा आहे. आपल्या पश्चात याचं कोण, ही धास्ती इथल्या आईबापांनाही आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, हे अनेकांना माहीतच नसतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. जिल्हाधिकारी या समितीचे प्रमुख असतात. तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर एक दिवस रजा टाका आणि त्यांच्या सोबत त्या कचेरीत जा.