चॅसी कोण पाहणार?

मोटारघर घेऊन हरमलच्या किनाऱ्याकडे येणाऱ्या पाहुण्याची पहिली चौकशी खानावळीची नसते, भरवशाच्या मेकॅनिकची असते. इंजिन खोलणारे आमच्याकडे पुष्कळ. चॅसी जाणणारे थोडे. खाऱ्या वाऱ्याने तिचे पोलाद आतून सडते आणि त्यावर रंगाचा हात फिरवून पैसे उकळणारे महाभागही येथे आहेतच. चॅसीच्या वरच्या-खालच्या कडांना छिद्र पाडू नये, वाटेल तेथे वेल्डिंग करू नये, कारण तापलेले पोलाद बळ गमावते, एवढेही ज्याला ठाऊक नाही त्याने जोडलेली गाडी माणसे घेऊन चोर्ल्याचा घाट उतरते! १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार चालकाला परवाना लागतो. चॅसी जोडणाऱ्याला लागत नाही. वाहतूक खात्याने निदान जड वाहनांपुरते तरी आयटीआयचे प्रमाणपत्र सक्तीचे करावे. तोवर गिऱ्हाइकाने काढलेला जुना भाग मागून घ्यावा आणि रंग चढण्यापूर्वी जोड स्वतः पाहावा.