एक कान गाण्याला, एक कान रस्त्याला

दुकानदारी हा बसून करायचा धंदा. सकाळी शटर उघडले की रात्री गल्ला मोजेपर्यंत गादीवरून उठणे होत नाही. पन्नाशी ओलांडली की शरीर त्याचा हिशेब मागते. कुणाला साखर, कुणाला रक्तदाब, कुणाचे गुडघे. माझेही तेच झाले. डॉक्टरांनी सांगितले, गोळी घ्याच, पण रोज अर्धा तास चाला आणि जमेल तसे हलके धावा. तेव्हापासून फजरची नमाज झाली की मी तळेरे येथून कोल्हापूरच्या रस्त्याने निघतो.

हल्ली आपले अनेक व्यापारी व कारागीर बांधव पहाटे रस्त्यावर दिसतात, ही समाधानाची बाब आहे. बहुतेकांच्या कानात काही ना काही असते. कुणी जुनी गाणी ऐकतो, कुणी कव्वाली, कुणी बातम्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मीही ऐकतो. कंटाळा जातो, थकवा कमी जाणवतो. पण हे यंत्र निवडावे कसे आणि वापरावे कसे, याचा विचार आपण करीत नाही. म्हणून हे चार शब्द.

माझ्यावर बेतलेला प्रसंग आधी सांगतो. मुलाने मला हौसेने कानात घट्ट बसणारे, बाहेरचा आवाज बंद करणारे इअरफोन आणून दिले. आवाज इतका सुरेख की मी खूश झालो. दुसऱ्याच दिवशी वळणावर मागून ट्रक आला. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला असे मागून येणाऱ्या शेजाऱ्याने सांगितले. मला काही ऐकू आले नाही. ट्रकचा वारा अंगाला लागला तेव्हा कळले. चूक ड्रायव्हरची नव्हती, माझी होती. इअरफोनही वाईट नव्हते. पण ते रेल्वेत किंवा विमानात बसणाऱ्याच्या कामाचे होते, रस्त्यावर धावणाऱ्याच्या नव्हे.

आमच्या तरुणपणी कुवेत-दुबईहून येणाऱ्या कोकणी माणसाच्या बॅगेत वॉकमन हमखास असे. सोनी कंपनीने पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आणला. वजन सुमारे ३९० ग्रॅम, आत दोन पेन्सिल सेल आणि दोघांना ऐकता यावे म्हणून दोन हेडफोन जोडण्याची सोय. त्यावर एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाण्याचा आवाज उतरे आणि छोट्या माइकमधून बाहेरचे बोलणे कानात येई. म्हणजे ऐकणाऱ्याचा कान बाहेरच्या जगाला अगदीच बंद होऊ नये, याची काळजी पहिल्याच यंत्रात घेतली होती. पुढे २००१ मध्ये ॲपलचा आयपॉड आला, २००५ मध्ये अवघ्या २२ ग्रॅमचा शफल आला. २०२२ मध्ये आयपॉडही बंद झाला. आता बहुतेकांची गाणी मोबाइलमध्येच असतात. यंत्र हलके होत गेले, पण नारिंगी बटणामागचा विचार आपण विसरलो. आज काही महागड्या इअरफोनमध्ये तशी सोय पुन्हा आली आहे, मात्र ती चालू करायची आठवण आपल्यालाच ठेवावी लागते.

आता निवडीचे बोलू. कापड घेताना आपण पन्हा पाहतो, पोत पाहतो, रंग उतरेल का ते विचारतो. नुसत्या छापावर भुलत नाही. इथेही तेच करावे. पहिली गोष्ट, मोबाइल की वेगळा छोटा प्लेअर? माझे मत वेगळ्या प्लेअरला आहे. मोबाइल म्हणजे आता आपले दुकानच झाले आहे. ऑर्डर त्यावर, पैसे त्यावर, उधारीची आठवणही त्यावर. तो हातात घेऊन धावायला निघणे म्हणजे दुकान सोबत नेणे. अडचणीसाठी मोबाइल खिशात जरूर ठेवावा, पण गप्प करून. प्लेअर हलका असावा, कपड्याला अडकवण्याचा चिमटा असावा आणि बटणे दाबायची असावीत. घामाने ओल्या बोटाला काचेचा पडदा नीट दाद देत नाही.

दुसरी गोष्ट पाणी. आपल्या कोकणात चार महिने पाऊस आणि उरलेले दिवस घाम. खोक्यावर आयपीएक्स असे लिहून पुढे आकडा असतो. ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारे पाणी सोसते. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकते. पण ही परीक्षा साध्या पाण्याची असते, खारट घामाची नव्हे. म्हणून घरी आल्यावर पुसावे आणि पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. बिल व वॉरंटीचा कागद मागून घ्यावा. आपण गिऱ्हाइकाला पक्के बिल देतो, तसे घ्यायलाही शिकावे.

तिसरी आणि मुख्य गोष्ट कान. महामार्ग चौपदरी झाल्यापासून गाड्यांचा वेग वाढला आहे. धावताना कान बंद करणारे इअरफोन नकोत. गालाच्या हाडावर टेकणारे, कान मोकळे ठेवणारे हेडफोन मिळतात, ते उत्तम. ते परवडत नसतील तर एकाच कानात लावावे. रस्त्याच्या उजव्या कडेने जावे, म्हणजे गाडी समोरून दिसते. आवाज निम्म्याच्या आसपास ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबलचा फक्त ४ तास. आवाज थोडा वाढवला की मुदत किती घटते ते पाहा.

मी घाट चढून माल घ्यायला इचलकरंजीला जातो. यंत्रमागाच्या शेडमध्ये हाताच्या अंतरावरच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. तिथे वर्षानुवर्षे उभे राहिलेले कारागीर चहाच्या टपरीवरही मोठ्याने बोलतात आणि आपले बोलणे दोनदा विचारतात. आतल्या कानाच्या ज्या बारीक पेशी आवाजाने मरतात त्या माणसाला पुन्हा येत नाहीत. त्या कारागिरांनी पोटासाठी कान दिले. आपण हौसेसाठी का द्यावे?

गिऱ्हाईक भाव विचारते मोठ्याने, पण ‘जरा कमी करा’ म्हणते हळूच. ते ऐकू येणे हेही व्यापाऱ्याचे भांडवल आहे. तब्येतीसाठी जरूर धावा, गाणेही ऐका. पण पाठीमागचा हॉर्न ऐकू येईल इतकेच ऐका.