तीन आश्वासनांचे काय झाले?

निवडणुकीच्या वेळी दारात येऊन पडलेले पत्रक फेकून देऊ नये, घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवावे, असे मी वस्तीतल्या भगिनींना नेहमी सांगतो. पत्रक केरात गेले की आश्वासनही केरात जाते. १५ जानेवारी २०२६ रोजी मुंबईसह राज्यातल्या २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. मुंबईत तर मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. एवढ्या वर्षांनी निवडणूक आली, मग पत्रकांना काय तोटा! नळाला पाणी, गटार, संडास, पुनर्विकास, सगळे काही मिळणार. पण हे कोणत्या अधिकारात करणार आणि पैसा कोणाकडून आणणार, एवढे दोनच प्रश्न पत्रकाला विचारून पाहा. पत्रक गप्प बसते.

म्हणून आज दूरच्या एका शहराची हकीकत सांगतो. तिथल्या एका उमेदवाराने २०१३ साली तीन आश्वासने दिली होती. त्यांचे पुढे काय झाले, याचा हिशेब आता मांडता येतो. ते शहर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सिएटल, वॉशिंग्टन राज्यातले. (राजधानीचे वॉशिंग्टन वेगळे, ते पूर्वेला.) ॲमेझॉन कंपनीचे मुख्य कार्यालय इथे, मायक्रोसॉफ्ट शेजारीच. पगार मोठे, म्हणून घरभाडी मोठी, आणि त्या भाड्याखाली हॉटेलात भांडी घासणारा, विमानतळावर सामान उचलणारा माणूस चिरडलेला.

उमेदवाराचे नाव क्षमा सावंत. जन्म पुण्यातला, १९७३ चा. लहानाची मोठी मुंबईत झाली, पदवी मुंबई विद्यापीठाची. आडनावावरून कोणी तर्क करू नये. त्या तमिळ ब्राह्मण घरातल्या आहेत, आणि हे त्या स्वतःच जाहीरपणे सांगतात. अमेरिकेत जाऊन त्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि सिएटलच्या एका कॉलेजात शिकवू लागल्या. २०१२ साली राज्याच्या विधिमंडळासाठी उभ्या राहिल्या आणि पडल्या. पुढच्याच वर्षी सोशालिस्ट अल्टरनेटिव्ह या छोट्या समाजवादी पक्षातर्फे नगरपरिषदेला उभ्या राहिल्या आणि चार वेळा निवडून आलेल्या रिचर्ड कॉनलिन यांना त्यांनी हरवले. नगरपरिषद अवघी नऊ जणांची. आपल्या मुंबईसारखी २२७ जणांची नव्हे. त्यामुळे एकेका मताला तिथे वजन असते.

त्यांच्या पत्रकातली तीन कलमे अशी होती. कामगाराला तासाला किमान १५ डॉलर वेतन. घरभाड्यावर नियंत्रण. आणि बड्या श्रीमंतांवर कर, त्यातून बसगाड्या आणि शाळा. चौथी गोष्टही त्यांनी सांगून टाकली होती : निवडून आले तर कामगाराच्या सरासरी पगाराएवढेच घेईन. सदस्याचा वार्षिक पगार १ लाख १७ हजार डॉलरच्या घरात. त्यातले ४० हजार ठेवून उरलेले त्या चळवळीच्या निधीला देऊ लागल्या. हे एक आश्वासन पुरे करायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

आता वेतनाचे पाहू. १९४६ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले ते बाबासाहेबांनीच, आणि त्यातूनच १९४८ चा कायदा झाला. त्यामुळे आपल्या वाचकांना हा विषय परका नाही. फरक एवढाच की आपल्याकडे किमान वेतनाचे दर राज्य सरकार ठरवते, महापालिका नाही. सिएटलमध्ये मात्र शहरालाच तो अधिकार आहे. हे ओळखूनच सावंतबाईंनी वेतन पहिल्या क्रमांकावर ठेवले. हातात असलेली गोष्ट आधी मागावी, ही शहाणपणाची रीत.

२०१४ साली तिथे राज्याचे किमान वेतन तासाला ९ डॉलर ३२ सेंट होते. त्यात एकदम साडेपाच-पावणेसहा डॉलरची वाढ मागणे म्हणजे वेडेपणा, असे बरेच शहाणे लोक म्हणत होते. पण बाईंच्या आधी कामगार रस्त्यावर आले होते. २०१३ मध्ये बर्गर विकणाऱ्या दुकानांतल्या पोरापोरींनी संप केला. शेजारच्या सीटॅक नावाच्या लहान गावात, जिथे विमानतळ आहे, लोकांनी त्याच वर्षी मतदान करून १५ डॉलर मंजूर केले, तेही शंभराहून कमी मतांच्या फरकाने! निवडून आल्यावर सावंतबाईंनी नुसती भाषणे केली नाहीत. त्यांच्या गटाने सह्या गोळा करायला सुरुवात केली. नगरपरिषदेने कायदा केला नाही तर हा प्रश्न थेट मतदारांपुढे नेऊ, असा तो दट्ट्या होता. महापौरांनी मालक आणि कामगार संघटना यांची समिती नेमली, आणि २ जून २०१४ रोजी नगरपरिषदेने एकमताने कायदा केला.

कायदा हवा तसा झाला नाही. मोठ्या मालकांना तीन टप्पे मिळाले : एप्रिल २०१५ ला ११ डॉलर, २०१६ ला १३, २०१७ ला १५. लहान दुकानदारांना २०२१ पर्यंत मुदत. ग्राहकाने दिलेली बक्षिशी पगारात धरायची सवलतही लहान मालकांना काही वर्षे मिळाली. ती २०२५ च्या सुरुवातीला संपली. या तडजोडींवर सावंतबाईंनी सभागृहात टीका केली आणि मत मात्र बाजूनेच दिले. त्या कायद्यात एक चांगली खुंटी मारलेली आहे : महागाई वाढेल तसे वेतन दरवर्षी आपोआप वाढते. पुन्हा मोर्चा नको, पुन्हा अर्ज नको. १ जानेवारी २०२६ पासून तिथले किमान वेतन तासाला २१ डॉलर ३० सेंट आहे.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हिशेब खोटा ठरेल. २०१७ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास करून सांगितले की वेतन वाढले, पण कमी पगाराच्या कामगारांच्या कामाचे तास मालकांनी घटवले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या अभ्यासकांनी उपाहारगृहांचे आकडे तपासले. वेतन वाढले आणि नोकऱ्या गेल्या नाहीत, असे त्यांना दिसले. पंडितांचा वाद मिटायचा तेव्हा मिटेल. ज्या घरात तासाच्या दरावर चूल पेटते तिथे दर आणि तास दोन्ही बघावे लागतात, हे आपल्या नाक्यावरच्या बाईला कोणी शिकवायला नको.

दुसरे आश्वासन घरभाड्याचे, आणि इथे गाडी अडली. वॉशिंग्टन राज्यात १९८१ पासून असा कायदा आहे की कोणत्याही शहराने भाड्यावर नियंत्रण घालू नये. म्हणजे नगरपरिषदेतल्या नऊच्या नऊ जणांनी हात वर केले तरी उपयोग शून्य! हे बाईंना ठाऊक होते. विरोधकांनी तर हेच सुनावले, की जे तुमच्या हातात नाही ते कबूल कशाला करता? प्रश्न रास्त आहे. पण बाई स्वस्थ बसल्या नाहीत, हेही खरे. मुख्य दरवाजा बंद असेल तर खिडक्या किती आहेत ते त्यांनी शोधले.

२०१५ मध्ये शहराच्या दक्षिण भागातल्या एका इमारतीत उंदीर-झुरळांत राहणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांना मालकाने भाडे एकदम वाढवण्याची नोटीस दिली. भाडेकरू संघटित झाले, बाई त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. २०१६ साली कायदा झाला : घर राहण्यालायक नसेल, तपासणीत नापास असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत भाडे वाढवता येणार नाही. भाडे किती असावे ते शहर ठरवू शकत नव्हते. पण गळक्या छपराचे वाढीव भाडे घेऊ नये, एवढे म्हणू शकत होते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात डिपॉझिटचा कायदा झाला. याकडे गृहिणींनी जरा नीट पाहावे. तिथे घर भाड्याने घ्यायचे तर पहिल्या महिन्याचे भाडे, शेवटच्या महिन्याचे भाडे आणि वर डिपॉझिट, असे सगळे एकदम मागत. महिन्याचे भाडे कसेबसे देणारा माणूस एवढी रक्कम एका दिवसात आणणार कुठून? आपल्याकडेही अकरा महिन्यांच्या करारावर घर बदलताना दागिना गहाण पडतो तो याच पायी. नव्या कायद्याने डिपॉझिट आणि प्रवेशाचे इतर आकार मिळून एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घ्यायला बंदी केली, आणि ते हप्त्याहप्त्याने देण्याची सोय केली. सहा महिन्यांचा किंवा जास्त मुदतीचा करार असेल तर सहा हप्ते. पुढे २०२० साली कडाक्याच्या थंडीत भाडेकरूंना बाहेर काढण्यावर मर्यादा आली. २०२१ साली शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांना शाळेच्या वर्षात बाहेर काढण्यावर मर्यादा आली, आणि भाडेवाढीची नोटीस सहा महिने आधी देणे सक्तीचे झाले. भाड्यावरची खरी मर्यादा आली ती २०२५ मध्ये, राज्याच्या विधिमंडळातून : वर्षाला ७ टक्के अधिक महागाई, किंवा १० टक्के, यांतले जे कमी असेल ते. तोवर बाई नगरपरिषदेत नव्हत्या.

तिसरे कलम करांचे. ते थोडक्यात सांगतो. २०१७ मध्ये शहराने श्रीमंतांवर प्राप्तिकर बसवला, न्यायालयाने तो रद्द केला. २०१८ मध्ये बेघरांच्या घरांसाठी मोठ्या कंपन्यांवर दर कामगारामागे वर्षाला २७५ डॉलरचा कर एकमताने मंजूर झाला; कंपन्यांनी दबाव आणताच महिन्याच्या आत त्याच सभागृहाने तो ७ विरुद्ध २ मतांनी मागे घेतला. त्या दोघांत एक सावंतबाई. २०१९ च्या निवडणुकीत ॲमेझॉनने व्यापारी मंडळाच्या निवडणूक निधीत सुमारे १५ लाख डॉलर ओतले, तरी बाई निवडून आल्या. २०२० मध्ये दीड लाखाहून अधिक पगार देणाऱ्या बड्या कंपन्यांवर कर अखेर बसला. मसुदा दुसऱ्या सदस्या तेरेसा मॉस्केडा यांचा होता. रस्त्यावरचा रेटा मात्र बाईंच्या गटाचाही होता. श्रेय कोणाचे, यावर तिथेही आपल्यासारखीच भांडणे झाली!

बाईंचा स्वभाव भांडखोर, सहकाऱ्यांशी जुळवून घेणे कमी, अशी तक्रार त्यांच्या बाजूचे लोकही करत. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना परत बोलावण्यासाठी मतदान झाले. सुमारे ४१ हजार मते पडली आणि त्या ३१० मतांनी वाचल्या. ज्यांना वाटते की माझ्या एका घरातल्या चार मतांनी काय होते, त्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

आता जी गोष्ट २०१३ च्या पत्रकात नव्हती ती. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटलच्या नगरपरिषदेने ६ विरुद्ध १ मताने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. ठराव सावंतबाईंनी मांडला. पण त्याच्यामागे तिथल्या दलित कार्यकर्त्यांची, इक्वॅलिटी लॅब्ज आणि आंबेडकरवादी संस्थांची कित्येक वर्षांची मेहनत होती, हे विसरता कामा नये. काही हिंदू संघटनांनी कडाडून विरोध केला. सभागृहात आपली माणसे साक्ष द्यायला उभी राहिली : कचेरीत आडनाव विचारले जाते, जेवणाच्या टेबलावर चौकशा होतात. साता समुद्रापलीकडे जात पोहोचली होती, तिच्या मागोमाग कायदाही पोहोचला. त्यानंतर बाईंनी नगरपरिषदेची निवडणूक पुन्हा लढवली नाही, आणि २०२३ संपताना त्यांची मुदत संपली.

आपल्या वाचकांपैकी कोणाचा मुलगा, मुलगी, सून सिएटलमध्ये नोकरीला असेल तर त्यांना पत्रातून किंवा फोनवर एवढे जरूर कळवा. नोकरी, भाड्याचे घर, हॉटेल, दुकान आणि इतर सार्वजनिक सोयी या सर्व ठिकाणी तिथे हा कायदा लागू आहे. जातीवरून कोणी अडवले, तर तक्रार शहराच्या नागरी हक्क कार्यालयात करायची असते.