साबणाच्या वडीवर वैद्याचे नाव

दिवाळीला दीड-दोन महिने उरले की स्वारगेट परिसरातील माझ्या चिकित्सालयात काही भगिनी कोणतीही व्याधी न घेता येतात. हाती पुठ्ठ्याचा खोका असतो. त्यात घरी केलेल्या साबणाच्या वड्या, काचेच्या पेल्यांत ओतलेल्या सुगंधी मेणबत्त्या आणि उटण्याच्या पुड्या नीट मांडलेल्या असतात. बाहेर रुग्ण ताटकळत असतात, म्हणून त्या घाईघाईने एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, यावर 'आयुर्वेदिक' असे छापले तर चालेल ना?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर आपण वैद्यमंडळी फार सैलपणे देत आलो आहोत, असे माझे मत झाले आहे. ते का झाले, हे व्यवसायबंधूंपुढे मांडण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम या भगिनींविषयी दोन शब्द. मार्केट यार्डातून तेल आणावे, रविवार पेठेतील बोहरी आळीतून साचे, रंग आणि सुगंध आणावेत, दुपारची कामे आटोपल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर वड्या पाडाव्यात आणि सोसायटीतील प्रदर्शनात, बचत गटाच्या टेबलावर, जमल्यास डिसेंबरातील भीमथडी जत्रेत त्या विकाव्यात, असा हा व्यवसाय आहे. कोणाच्या मुलीचे शिकवणीचे शुल्क त्यातून जाते, कोणाचे घरभाडे. या उद्योगाकडे नाक मुरडून पाहण्याचा अधिकार आपल्याला नाही. वैद्याचा साबण हीसुद्धा काही नवी गोष्ट नव्हे. केरळातील सी. आर. केशवन वैद्यर यांनी 1940 साली 'चंद्रिका' साबण काढला. चेन्नई येथे रेल्वेच्या सेवेत असलेले डॉ. व्ही. पी. सिधन यांनी 1969 साली आपल्या घरच्या स्वयंपाकघरात 'मेडिमिक्स' सिद्ध केला. आपल्या महाराष्ट्रात केशव विष्णु पेंढरकर यांनी 1952 साली मुंबईत परळ येथे राहत्या घरातूनच 'विको'चा आरंभ केला. तेव्हा ओट्यावरचा उद्योग म्हणजे हलका उद्योग, ही समजूत प्रथम टाकून द्यावी.

आता माझ्या हातून घडलेली चूक. काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या रुग्ण भगिनीने निंब, हरिद्रा व मंजिष्ठा घालून केलेला साबण मला दाखविला. तिच्या यजमानांची नोकरी नुकतीच सुटली होती. मी वडी हातावर घासून पाहिली, सुवास घेतला आणि "उत्तम आहे" असे म्हणालो. वडीत काय घातले आहे हे विचारले; ती कशी केली हे मात्र विचारले नाही. पुढच्या खेपेस तिने आणलेल्या वेष्टनावर "त्वचाविकारांवर उपयुक्त, वैद्यांच्या सल्ल्याने निर्मित" असे छापून खाली माझे नाव घातलेले होते. मी हरकत घेतली नाही. खरे सांगावयाचे तर ते नाव पाहून मला बरे वाटले.

सात-आठ महिन्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली. मूल माझेच रुग्ण होते आणि विचर्चिकेसाठी त्याची चिकित्सा चालू होती. मध्यंतरी तिने अभ्यंतर औषध आणि लावण्याचे तेल दोन्ही बंद करून त्याला दिवसातून दोन-तीन वेळा त्या साबणाने आंघोळ घातली होती. पाच आठवड्यांत त्वचा कोरडी पडून भेगाळली होती आणि कोपरांच्या घड्यांत पूय झाला होता. जंतुसंसर्ग स्पष्ट दिसत असल्याने मी त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले आणि यथावकाश मूल बरे झाले. औषध का थांबविले, असे मी जरा चढ्या स्वरात विचारले, तेव्हा ती माउली म्हणाली, "डॉक्टर, तुमचंच नाव होतं ना त्यावर? मला वाटलं, आता हेच औषध." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. साबण करणाऱ्या भगिनीला दोष देणे सोपे होते. पण त्या आईने विश्वास ठेवला होता तो माझ्या नावावर.

तेव्हापासून मी साबणाचा विचार शास्त्रदृष्ट्या करू लागलो आणि लक्षात आले की, हा विषय आपल्याला परका नाही. आपल्या दिनचर्येत साबण नाही. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात दुसऱ्या अध्यायात अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन आणि स्नान असा क्रम येतो. चूर्ण त्वचेवर चोळावे, त्याने कफाचे हरण व्हावे, मेदाचे विलयन व्हावे, हा उद्वर्तनाचा हेतू. तेथे द्रव्य द्रव्यरूपानेच त्वचेला भिडते. साबण ही निराळी कल्पना आहे: स्नेह आणि तीक्ष्ण क्षार यांचा संयोग होऊन दोघांहून भिन्न असे तिसरेच द्रव्य निर्माण होते. क्षाराची धास्ती वैद्याला शिकवावी लागत नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाचा अकरावा अध्याय क्षारपाकविधीला दिला आहे आणि मृदु, मध्य, तीक्ष्ण हा भेद आपण पदवीच्या अभ्यासात शिकलो आहोत. त्याच दृष्टीने साबणाच्या पातेल्याकडे पाहिले पाहिजे.

हा घरगुती साबण दोन रीतींनी होतो. पहिल्या रीतीत बाजारातील तयार सोप बेस वितळवून त्यात चूर्ण, रंग व सुगंध घालतात आणि साच्यात ओततात. हे सोपे व बरेचसे निर्धोक आहे. परंतु येथे करणारी व्यक्ती साबण बनवीत नसून त्याला केवळ आकार देत असते. बेसमध्ये काय आहे, हे तिला बहुधा ठाऊक नसते. दुसऱ्या रीतीत तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून साबण प्रत्यक्ष घडवितात. येथे मापात चूक चालत नाही. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे 183 ग्रॅम सोडा लागतो, तर एक किलो तिळाच्या तेलाला सुमारे 134 ग्रॅम. म्हणजे खोबरेलाचे माप तिळाच्या तेलाला लावले, तर प्रत्येक किलोमागे जवळजवळ 50 ग्रॅम क्षार वडीत मोकळा राहील. म्हणून जाणकार मंडळी हिशेबापेक्षा सुमारे पाच टक्के सोडा कमीच घेतात. सोडा पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. हातमोजे व चष्मा घातल्याशिवाय पातेल्याजवळ जाऊ नये. आणि वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरू द्याव्यात. एवढे करूनही या साबणाचा पीएच 9 ते 10 च्या आसपास राहतो. निरोगी त्वचेचा पीएच 5 च्या जवळपास असतो. सुदृढ माणसाला याचा सहसा उपद्रव होत नाही. पण विचर्चिकेच्या रुग्णाला दिवसातून तीनदा हा क्षार लावणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगणे न लगे.

आता वनस्पतींचे काय होते, ते पाहू. आपल्या तैलपाकात कल्क एक भाग, स्नेह चार भाग आणि द्रव सोळा भाग हे शार्ङ्गधरोक्त प्रमाण आहे आणि मंद अग्नीवर स्नेहसिद्धीची लक्षणे दिसेपर्यंत तो पाक चालतो. साबणात मूठभर चूर्ण तीव्र क्षारात पडते. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. साबणातही हळद प्रथम लालसर होते आणि पुढे तिचा रंग उतरत जातो. तुळशीची वा कडुनिंबाची पाने हिरवी न राहता तपकिरी पडतात. जेथे रंग टिकत नाही, तेथे गुण जसाच्या तसा टिकला असे कोणत्या प्रमाणाने म्हणावे? शिवाय वडी अंगावर राहते ती अर्धा-एक मिनिट. नंतर ती पाण्याबरोबर वाहून जाते. लेपाला काल लागतो, अभ्यंगाला काल लागतो. मग साबणालाच तो लागू नये, हे कसे?

मेणबत्त्यांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. मधूच्छिष्ट, म्हणजे मधमाश्यांचे मेण, आपल्याला सिक्थतैलामुळे परिचित आहे. गुग्गुळ, वचा, सर्षप, निंबपत्र ही धूपनद्रव्ये निखाऱ्यावर टाकून धूपन करण्याची परंपराही आपलीच. पॅराफिनमध्ये कृत्रिम सुगंध मिसळून त्या पेल्यावर 'रक्षोघ्न धूपन' असे लिहिले, तर पॅराफिनचे धूपन होत नाही. ती मेणबत्ती म्हणून छान आहे, सुवासिक आहे. तिला तेवढेच राहू द्यावे.

कायद्याची बाजू तर आपल्यापैकी अनेकांच्या गावीही नसते. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 मधील कलम 33 ईईसी प्रमाणे वैद्याला स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करण्यास परवान्यातून सूट आहे. ही सूट 'स्वतःच्या रुग्णांसाठी' आहे, प्रदर्शनातील गिऱ्हाइकांसाठी नाही. आणि आपल्या ओळखीतील भगिनीला ती आपल्याकडून उसनी देता येत नाही. साबणावर 'आयुर्वेदिक औषध' म्हणून दावा करावयाचा तर आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा परवाना हवा. केवळ सौंदर्यप्रसाधन म्हणून विकावयाचा तरी सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 प्रमाणे निर्मितीचा परवाना लागतो. दुसऱ्याच्या परवानाप्राप्त कारखान्यात आपला माल करून घेण्यासाठी 'लोन लायसन्स'ची तरतूद याच नियमांत आहे. पाच-सहा गटांनी एकत्र येऊन या मार्गाचा विचार करण्याजोगा आहे. श्वित्रासारख्या व्याधींवर इलाजाची जाहिरात करण्यास 1954 च्या जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने बंदी आहे, हेही येथे नमूद करतो. कारण 'पांढऱ्या डागांवर गुणकारी' असे लिहिलेली साबणाची वडी मी स्वतः पाहिली आहे.

औषध आणि प्रसाधन यांतील सीमारेषा क्षुल्लक नाही. 'विको टर्मरिक' हे औषध की प्रसाधन, यावरून उत्पादनशुल्क विभागाशी वर्षानुवर्षे वाद चालला आणि अखेर सर्वोच्च न्यायालयात निकाल कंपनीच्या बाजूने लागला. उलटपक्षी, बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाविषयी त्याच न्यायालयाने 1995 साली सामान्य माणूस त्या वस्तूकडे कशा दृष्टीने पाहतो हा निकष लावून ते औषध मानण्यास नकार दिला. परवाना, ग्रंथोक्त द्रव्ये व कायदेपंडित पाठीशी असलेल्या संस्थांनाही ज्या प्रश्नासाठी इतके झगडावे लागले, तो प्रश्न आपण चिकित्सालयात दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत "चालेल, चालेल" म्हणून निकालात काढतो.

काही व्यवसायबंधू म्हणतील, "मोठ्या कंपन्या बेलाशक दावे करतात; मग या गरीब बायकांनाच का अडवावे?" आक्षेपात तथ्य आहे. परंतु कंपनीवर काही बालंट आले, तर तिच्यापाशी वकील असतात. या भगिनीपाशी आपण दिलेल्या तोंडी आश्वासनाखेरीज काही नसते. ज्या दिवशी तक्रार होईल, त्या दिवशी ती एकटी पडेल. आणि त्याहून महत्त्वाचे असे की, घरगुती वडीवर विश्वास ठेवून औषध सोडणारा रुग्ण हा आपलाच रुग्ण असतो. दुसरे काही मित्र म्हणतात, "अशा भानगडीत पडूच नये, परत पाठवावे." तेही मला पटत नाही. आपण परत पाठविले, तर त्या मोबाईलवरील चित्रफिती पाहून सोड्याचे माप ठरवतील. क्षार आणि स्नेह दोन्ही जाणणारा शिक्षक गल्लीत बसलेला असताना असे का व्हावे?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, कोणाही वैद्याने ज्या वस्तूची निर्मिती स्वतः पाहिली नाही आणि जिच्या परवान्याची खात्री केली नाही, तिच्या वेष्टनावर आपले नाव छापू देऊ नये. दुसरी, अशा उद्योगिनींना 'आयुर्वेदिक' हा शब्द गाळून घटकद्रव्यांची खरी यादी, निर्मितीची तारीख, करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि 'हे औषध नाही' ही ओळ छापण्यास प्रवृत्त करावे. तिसरी, आपल्या संघटनेच्या शाखांनी दरवर्षी दिवाळीच्या आधी, साधारण श्रावणात, बचत गटांसाठी एक दिवसाचे शिबिर घ्यावे. सोड्याचे गणित, सुरक्षितता, परवान्याची प्रक्रिया आणि उटण्याची योग्य द्रव्ये एवढे विषय पुरेत. उटणे ही तर आपली खरी मिरासदारी आहे. त्यात क्षार नाही आणि द्रव्याचा गुणही शाबूत राहतो. मात्र विक्रीच्या उटण्यालाही परवान्याचे नियम लागू आहेत, हे शिबिरात आवर्जून सांगावे.

त्या भगिनीला मी सर्व हकीकत सांगितली, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने शिल्लक वेष्टने माझ्यासमोर मोजली, साडेतीनशे निघाली. ती रद्दीत गेली आणि छपाईचा खर्च मी दिला, कारण चूक निम्म्याहून अधिक माझी होती. पुढे परवान्याच्या कामासाठी आम्ही दोघे कागदपत्रे घेऊन बसलो. त्याला वेळ लागला आणि एक दिवाळी तिची विक्रीवाचून गेली. आता तिची वडी एका परवानाधारक कारखान्यात तयार होते. वेष्टनावर रोगाचे नाव नाही आणि वैद्याचेही नाही. पूर्वीची काही गिऱ्हाइके "आता तो औषधी साबण राहिला नाही" म्हणून तुटली. मागील आश्विनात ती नेहमीप्रमाणे खोका घेऊन आली. मी वडी हातात घेतली आणि या वेळी सुवास घेण्याआधी तिला विचारले, "सोडा किती घातला?" तिने वहीतील आकडा दाखविला. तो बरोबर होता.