यंत्र मिळाले, सोबतीचे काय?

डायलिसिस हा शब्द अनेकांच्या कानी प्रथम पडला तो जयप्रकाश नारायण यांच्या आजारपणात. आणीबाणीतील स्थानबद्धतेतून नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर हा उपचार सुरू झाला आणि ऑक्टोबर १९७९ मधील निधनापर्यंत, जवळपास चार वर्षे, ते त्याच्या आधारे जगले. त्यांच्याभोवती कार्यकर्त्यांचा गोतावळा होता. मुले पुण्या-बंगळुरूला वा परदेशी स्थिरावलेली आणि घरात वृद्ध पती-पत्नीच उरलेली, अशा नागपुरातील कुटुंबांना हा गोतावळा कोठून मिळणार, हा आजचा प्रश्न आहे.

उपचाराच्या खर्चाबाबत शासन अगदीच उदासीन राहिले, असे म्हणता येणार नाही. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. देशात दरवर्षी सुमारे २ लाख २० हजार नव्या रुग्णांची भर पडते, प्रत्येक वेळचा खर्च सुमारे २ हजार रुपये आणि वर्षाचा ३ लाखांहून अधिक, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत या उपचाराचा समावेश आहे. तिच्या पूर्वरूपाचा, राजीव गांधी जीवनदायी योजनेचा, राज्यव्यापी विस्तार नोव्हेंबर २०१३ मध्ये नागपुरातूनच झाला होता. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेचे ५ लाखांचे संरक्षण मिळाले. मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी नाव नोंदविण्याची ६५ वर्षांची मर्यादाही २०२३ मध्ये रद्द झाली.

परंतु या योजना रुग्णालयाच्या दारापाशी थांबतात. आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी चार तास, म्हणजे वर्षाकाठी १५६ वेळा आणि सव्वासहाशे तास यंत्राशेजारी. जाणे-येणे आणि ताटकळणे वेगळेच. उपचारानंतर रक्तदाब उतरतो, ग्लानी येते. स्वतः स्कूटर चालवत मानेवाड्याला वा प्रतापनगरला परतणे धोक्याचे. सकाळच्या पाळीसाठी उजाडण्यापूर्वी घर सोडावे लागते. अर्थसंकल्पीय भाषणातही या फेऱ्यांच्या खर्चाचा उल्लेख होता. सोबत कोण जाणार, याचा मात्र विचार कुठेच नाही.

उरलेले दिवसही सोपे नसतात. पारा ४५ अंशांवर असताना पाणी मोजून पिण्याचे पथ्य किती कठीण, हे नागपूरकरांना सांगायला नको. पोटॅशियममुळे संत्र्यावर बंधन आणि मिठामुळे सावजी रश्श्यावर. एकट्याने पथ्य पाळणारा माणूस कंटाळून ते मोडतो आणि श्वास कोंडल्यावर मध्यरात्री मेडिकल किंवा मेयो गाठतो.

या ठिकाणी वृद्धाश्रम आणि निवृत्तांच्या वसाहती उपयोगी पडाव्यात, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ‘स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश’ ही अनेक आश्रमांची अट असते आणि डायलिसिसचा रुग्ण तिथेच अडतो. वास्तविक ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २० दीर्घकालीन आजारांवरील उपचारांच्या सोयी वाढविण्याची जबाबदारी शासनावर टाकते. कलम १९ जिल्ह्याजिल्ह्यांत वृद्धाश्रमांची तरतूद करते. केंद्राने २०१९ मध्ये निवृत्तांच्या निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वेही काढली. मात्र, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मूत्रपिंड निकामी होण्याला स्थान नाही; त्यामुळे त्या मार्गाने मिळणाऱ्या सवलतींपासूनही हे रुग्ण वंचित राहतात.

अशा स्थितीत सर्वाधिक आशा आहे ती वस्तीवस्तीतील ज्येष्ठ नागरिक मंडळांकडून. वाढदिवस आणि सहली यांपलीकडे त्यांना बरेच करता येईल. एकाच परिसरातील रुग्णांची पाळी एकाच वेळी ठरवून घेतली, तर एक सामाईक वाहन पुरते. सोबतीसाठी आळीपाळीने नावे लावता येतात. वसाहतीच्या भोजनगृहात कमी मिठाचे वेगळे ताट निघू शकते. फिस्टुला असलेल्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही की सुई टोचायची नाही, एवढी साधी माहिती प्रत्येक काळजीवाहकाला दिली, तरी मोठी हानी टळते.

पोटातील पडद्याद्वारे घरीच होणाऱ्या डायलिसिसचाही येथे गांभीर्याने विचार व्हावा. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१९ पासून त्याचा अंतर्भाव आहे. दिवसातून तीन-चार वेळा द्रव बदलावा लागतो. यंत्र लागत नाही, फेऱ्या वाचतात. जंतुसंसर्गाचा धोका असल्याने स्वच्छ खोली आणि प्रशिक्षित हात मात्र हवेत. एकट्या वृद्धाला हे अवघड. वसाहतीला किंवा आश्रमाला अशक्य नाही.

यासाठी नवा कायदा नको. महापालिकेने वाहनाला आणि परिचारिकेच्या फेरीला साह्य करावे, जिल्हा प्रशासनाने अनुदानित वृद्धाश्रमांच्या प्रवेशाच्या अटी तपासाव्यात आणि मंडळांनी आपल्या सभासदांत डायलिसिसवर कोण आहे, याची यादी आधी करावी. अशी यादी तयार करायला आठवडाही लागणार नाही.